हायड्राइड सुपरकंडक्टरच्या यादीत नंबर कसे लावतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सोलापुरातले सहा जण, दोन शिकवणारे आणि चार एमएस्सी झालेले किंवा व्हायच्या वाटेवर असलेले. दर शनिवारी संध्याकाळी 'सात रस्ता' नावाच्या चौकाजवळच्या एका खोलीत बसतो आणि एक मोठी एक्सेल शीट भरतो, ज्यात कुठल्या हायड्राइडवर पुढे डोकं लावण्यात अर्थ आहे त्याचे नंबर लावलेत. शीट शेअर केल्यापासून व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकतोय.

हायड्राइड म्हणजे काय, आणि त्याचा सुपरकंडक्टरशी काय संबंध?

हायड्रोजन आणि दुसरं एखादं मूलद्रव्य, बहुतेक वेळा धातू, यांचं संयुग म्हणजे हायड्राइड. सुपरकंडक्टर म्हणजे ठराविक तापमानाखाली ज्याचा विजेला होणारा रोध चक्क शून्य होतो आणि जो चुंबकीय क्षेत्र आपल्या पोटातून बाहेर ढकलतो. १९११ मध्ये पाऱ्यात हे पहिल्यांदा दिसलं, ४.२ केल्विनला, म्हणजे जवळजवळ उणे २६९ डिग्री. साध्या सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात त्या अणूंच्या थरथरण्यामुळे, आणि अणू जितका हलका तितकी थरथर जलद. हायड्रोजनपेक्षा हलकं काहीच नाही, म्हणून नील अॅशक्रॉफ्ट यांनी १९६८ मध्येच म्हटलं होतं की हायड्रोजनचा धातू केला तर तो भारी सुपरकंडक्टर होईल. पण शुद्ध हायड्रोजनचा धातू करायला लागणारा दाब अफाट, म्हणून २००४ मध्ये त्यांनीच सुचवलं की हायड्रोजन भरपूर असलेली संयुगं घ्या, त्यात दुसरा अणू हायड्रोजनला आतूनच दाबून धरतो, बाहेरून कमी दाबावं लागतं. आमची सगळी यादी या एका कल्पनेची लेकरं आहेत म्हणा ना.

ज्याचं तापमान जास्त तो पहिला, एवढं सोपं आहे की, गुण कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आपल्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव बघितलाय ना, नुसता मोठा कांदा बघून कोणी बोली लावत नाही, व्यापारी आधी हात घालून ओला किती, कोंब फुटलेत का ते बघतो आणि मग बोलतो. हायड्राइडचंही तसंच, टीसी (म्हणजे ज्या तापमानाला सुपरकंडक्टिंग सुरू होतं ते) कितीही मोठा असला तरी तो कुठल्या दाबाला मिळतोय हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला किंमत नाही.

लॅन्थनमचं एच१०, म्हणजे एका लॅन्थनममागे दहा हायड्रोजन, २०१९ मध्ये सुमारे २५० केल्विनला सुपरकंडक्टर निघालं. २५० केल्विन म्हणजे उणे २३ डिग्री, घरच्या डीप फ्रीजरच्या जवळपास, ऐकायला भारीच. पण दाब किती, तर १७० गिगापास्कल. एक गिगापास्कल म्हणजे साधारण दहा हजार पट वातावरणाचा दाब, आणि पृथ्वीच्या पोटात जिथे खडक संपून लोखंडाचा गाभा सुरू होतो तिथे दाब १३६ च्या आसपास असतो. म्हणजे त्याहून जास्त दाब दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये निर्माण करायचा.

म्हणून आम्ही जो आकडा वापरतो त्यात तापमान वर आणि दाब खाली. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, त्याला भागायचं एका वर्गमुळाने, आणि त्या वर्गमुळात ३९ चा वर्ग अधिक दाबाचा (गिगापास्कलमधला) वर्ग. ३९ का, तर मॅग्नेशियम डायबोराइड नावाचा पदार्थ साध्या दाबाला ३९ केल्विनला सुपरकंडक्टर होतो (२००१ मध्ये कळलं), त्याला बरोबर १ गुण मिळावा म्हणून. हा फॉर्म्युला आमचा नाही, पिकार्ड, एरिया आणि एरेमेट्स यांनी २०२० च्या आढावा लेखात दिलेला आहे. आमच्याकडे कोणी श्रेय देऊ नका, मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या पोस्टरवर आमच्या नावाने छापून आला होता, लाज वाटली.

आता मोजून झालेल्यांचे आकडे टाकून बघा. लॅन्थनम एच१० ला १.४३. गंधकाचं एच३एस, २०३ केल्विन १५५ गिगापास्कलला, १.२७. कॅल्शियम एच६, २१५ केल्विन १७२ ला, १.२२. इट्रियम एच९, २४३ केल्विन पण २०१ ला, म्हणून १.१९. आणि आता गंमत, लॅन्थनम-बेरिलियम-एच८, ज्याचा टीसी फक्त ११० केल्विन, पण २०२३ मध्ये तो ८० गिगापास्कलला मोजला गेला, त्याला १.२४! म्हणजे टीसी निम्म्याहून कमी असून इट्रियमवाल्याच्या पुढे.

आमच्यातल्या एकीने विचारलं, मग पुढे काय वाढवायला पाहिजे, तापमान की उतरवायला पाहिजे दाब? करून बघितलं. कॅल्शियमवाल्याचा टीसी ४० केल्विनने वाढवला तर १.२२ चे १.४५ होतात. लॅन्थनम-बेरिलियमवाल्याचा टीसी तोच ठेवून दाब ४० गिगापास्कलने उतरवला तर १.२४ चे १.९७. म्हणून आमच्या यादीत तीन मूलद्रव्यांची, कमी दाबाची हायड्राइडं वर दिसतात आणि लोक विचारतात की प्रसिद्ध नावं खाली का.

साध्या दाबाला तर कॉपरवाले ऑक्साइड आधीच पुढे आहेत, मग हायड्राइडच कशाला?

बरोबर आहे. पारा-बेरियम-कॅल्शियम-कॉपर ऑक्साइड साध्या दाबाला १३५ केल्विनच्या आसपास जातो, वरच्या फॉर्म्युल्यात त्याला ३.४६ पडतात, एकही मोजलेलं हायड्राइड त्याच्या जवळ नाही. पण कॉपरवाल्यांचं गणित आधी कागदावर करून 'हा बनवा' असं सांगता येत नाही, तिथे थिअरीच अजून भांडणात आहे. हायड्राइडमध्ये येतं. एच३एसचं २०१४ मध्ये चीनमधल्या गटाने गणित करून सांगितलं १९१ ते २०४ केल्विन, पुढच्या वर्षी जर्मनीत माइन्झला मोजलं तर २०३. लॅन्थनम एच१० चंही तेच, आधी २०१७ मध्ये कागदावर आलं, मग हिऱ्यात. आमच्याकडे लॅब नाही, चार लॅपटॉप आणि पुण्यात ओळखीने मिळालेला थोडा कॉम्प्युटर टाइम आहे (त्यासाठी एकजण हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येतो), मग कागदावर चालणारा विषय घेतला.

गुण द्यायच्या आधी काही चाळणी लावता का?

हो, दोन, आणि या चाळणीला गुण नाहीत, पास किंवा नापास.

पहिली, हा पदार्थ टिकेल का फुटेल? कुठल्याही मिश्रणाला त्याच मूलद्रव्यांची दुसरी संयुगं बनवून ऊर्जा कमी करता येत असेल तर तो त्या वाटेने जायला बघतो. सगळ्या शक्य संयुगांच्या ऊर्जेचा खालचा काठ आखतात, त्याला कन्व्हेक्स हल म्हणतात, आणि आपला उमेदवार त्या काठाच्या किती वर आहे ते बघतात. आम्ही प्रति अणू ५० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत (हे ऊर्जेचं छोटं एकक) चालवून घेतो. त्याच्या वरचे 'नंतर बघू' मध्ये. काठाच्या वर असलेलं सगळंच निरुपयोगी असं नाही हां, हिरासुद्धा साध्या दाबाला ग्रॅफाइटच्या किंचित वरच असतो आणि तरी पिढ्यानपिढ्या अंगठीत राहतो.

दुसरी, फोनॉन, म्हणजे अणूंच्या थरथरीच्या लहरी. अणू जागेवरून हलवले तर परत येतात का, का घसरून दुसरीकडे जातात? गणितात वारंवारता काल्पनिक आली, म्हणजे वर्ग उणे निघाला, तर रचना पडते. इथे एक सावधगिरी आहे जी आम्हाला उशिरा कळली. हायड्रोजन इतका हलका की शून्य केल्विनलासुद्धा तो एका जागी बसत नाही, क्वांटम थरथर चालूच. अणूंना साध्या गोट्या धरून गणित केलं तर लॅन्थनम एच१० ची रचना २३० गिगापास्कलच्या खाली वाकडी व्हायला पाहिजे, पण प्रयोगात ती त्याच्या बरीच खालपर्यंत सरळ उभी राहते, आणि क्वांटम हालचाल धरल्यावर गणितही तेच सांगतं (२०२० मध्ये आलं हे). म्हणून साध्या गणितात थोडक्यात नापास झालेल्याला आम्ही एटीकेटी देतो. ठार नापास तो नापास.

एकाच पदार्थाचा टीसी दोन पेपरमध्ये वेगळा का असतो?

इथे आमची फजिती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात, लाइट जात होती, इन्व्हर्टर कुई कुई करत होता, तेव्हा शीटमध्ये एक तीन मूलद्रव्यांचं हायड्राइड दुसऱ्या नंबरवर आणि दुसरं एक सहाव्यावर होतं, तीन शनिवार आम्ही त्या दोघांची तुलना करत बसलो, दुसऱ्यावर एवढा वेळ घालवायचा का सहाव्याला संधी द्यायची वगैरे. चौथ्या शनिवारी एका पोराने दोन्हींची रचना उघडून बघितली आणि म्हणाला, "ओ सर, हे दोन्ही एकच हाय की." मूलद्रव्यांचा क्रम उलटा लिहिलेला, बाकी तोच पदार्थ, तोच दाब!

मग टीसी वेगळा कसा? दोघांनीही मॅकमिलन-अॅलन-डाइन्सचं सूत्र वापरलं होतं. त्यात तीन गोष्टी लागतात: इलेक्ट्रॉन आणि थरथर यांची जोडणी किती घट्ट (लॅम्डा), थरथरीची सरासरी वारंवारता, आणि म्यू-स्टार, जो इलेक्ट्रॉन एकमेकांना किती ढकलतात ते सांगतो. पहिल्या दोन गणितातून येतात, म्यू-स्टार मात्र बहुतेक लोक ठरवून घेतात, ०.१० ते ०.१५ मधला काहीतरी. आता लॅम्डा २ आणि सरासरी वारंवारता १३०० केल्विन (इथे तीही केल्विनमध्येच लिहितात) धरून स्वतः करून बघा, म्यू-स्टार ०.१० ला १८७ केल्विन, ०.१३ ला १७५, आणि ०.१५ ला १६६. एका घेतलेल्या आकड्यावर एकवीस केल्विनचा फरक, आणि आमच्या शीटमध्ये तेवढ्यात चार नंबर मागेपुढे.

आता नियम असा की कुठल्याही पेपरमधून टीसी सरळ उचलायचा नाही, लॅम्डा आणि वारंवारता उचलायची आणि सगळ्यांना म्यू-स्टार ०.१० आणि ०.१५ असा दोनदा लावून दोन टोकं लिहायची. लॅम्डा दीडच्या पुढे गेला तर साधं सूत्र कमी सांगतं, तिथे अॅलन-डाइन्सचे दोन सुधार-गुणक लावायचे किंवा जमलं तर एलियाशबर्गची समीकरणं (त्याच थिअरीची पूर्ण, अवघड समीकरणं) सोडवायची. आणि किती बारीक ग्रिडवर (म्हणजे किती जवळजवळच्या बिंदूंवर) गणित केलंय तेही लिहायचं, कारण जाड ग्रिडवर काल्पनिक फोनॉन दोन बिंदूंच्या मधे लपून बसतो आणि पदार्थ उगाच पास होतो.

मग 'खात्री' नावाचा वेगळा कॉलम कशाला, गुणातच मिसळून टाका की?

मिसळायचा नाही, यावर आमच्यात भांडणं होऊन झालीत. गुण सांगतात की हे खरं निघालं तर किती कामाचं, खात्री सांगते की खरं निघायची शक्यता किती. दोन्हींची सरासरी काढली की मधलं काहीतरी मिळतं ज्याचा काहीच अर्थ लागत नाही.

उदाहरण घ्या, मॅग्नेशियम-इरिडियम-एच६. २०२४ मध्ये एका गटाने गणित करून साध्या दाबाला १६० केल्विन सांगितला, जवळपास त्याच वेळी दुसऱ्या गटाने ८०. वरच्या फॉर्म्युल्यात ४.१० किंवा २.०५, म्हणजे कसंही घेतलं तरी सगळ्या मोजलेल्या हायड्राइडांच्या वर! पण तो पदार्थ स्वतःहून काठावर बसत नाही, आणि बनवायला गेले तेव्हा हातात आलं एक हायड्रोजन कमी असलेलं भावंड, एच५, जे सुपरकंडक्टर सोडा, वीजच वाहून नेत नाही. गुण मोठे, खात्री 'क', दोन्ही शेजारी शेजारी दिसले पाहिजेत.

खात्रीचे वर्ग असे. 'ड' म्हणजे फक्त झटपट अंदाज. 'क' म्हणजे पूर्ण गणित झालंय. 'ब' म्हणजे कोणीतरी बनवून रोध शून्याकडे जाताना बघितलाय. 'अ' म्हणजे त्याशिवाय आणखी दोन पुरावे: हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (हायड्रोजनचाच दुप्पट जड भाऊ) टाकल्यावर टीसी खाली आला (गंधकवाल्याचा २०३ वरून १५० च्या आसपास, लॅन्थनमवाल्याचा २५० वरून १८० ला), आणि चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद दिसला. वेगळ्या लॅबने परत करून दाखवलं असेल तर 'अ' ला आणखी एक टिक.

'क' आणि 'ब' मधली दरी किती मोठी, त्यासाठी अॅल्युमिनियम एच३ बघा. २००८ मध्ये गणित म्हणालं ११० गिगापास्कलला २४ केल्विन. बनवलं, धातू झालाही, पण ४ केल्विनपर्यंत थंड करूनही सुपरकंडक्टिंगचा पत्ता नाही. नंतरच्या गणितात कळलं की हायड्रोजनची थरथर साध्या स्प्रिंगसारखी नव्हती आणि ते धरलं की लॅम्डा खाली येतो. आमच्याकडे हा पदार्थ शीटच्या सगळ्यात वरच्या ओळीत लाल रंगात कायमचा आहे.

ते रूम टेंपरेचरवाले पेपर मागे घेतले त्यांचं काय?

काढून टाकले नाहीत, वेगळ्या टॅबमध्ये ठेवलेत. २०२० मधला कार्बन-गंधक-हायड्रोजनवाला दावा २८७ केल्विन, २६७ गिगापास्कल, नेचर या विज्ञान नियतकालिकाने २०२२ मध्ये मागे घेतला. २०२३ मधला ल्युटेशियम-नायट्रोजन-हायड्रोजनवाला २९४ केल्विन आणि फक्त १ गिगापास्कल, तोही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे. दुसऱ्याला फॉर्म्युल्यात टाकलं तर ७.५४ येतात, वर दिलेलं मोजलेलं एकही हायड्राइड दीडच्या पुढे नाही. असा आकडा आला की आम्ही पेढे आणत नाही, आधी कच्चा डेटा कुठाय ते शोधतो.

काका, रूम टेंपरेचर म्हणजे कुठल्या रूमचं?

पुस्तकात ३०० केल्विन, २७ डिग्री. आपल्याकडे मे महिन्यात पंखा लावून बसलेल्या खोलीचं धरलं तर अजून पंधरा-एक केल्विन लागतील.

एवढे हजारो उमेदवार, सगळ्यांचं पूर्ण गणित कसं करता?

करत नाही. एका पदार्थाच्या फोनॉनला आमच्या लॅपटॉपवर कधी कधी आठवडा जातो. आधी झटपट चाळतो: हायड्रोजनचा वाटा किती, फर्मी पातळीवरच्या (म्हणजे भरलेल्या अवस्थांच्या वरच्या काठावरच्या) इलेक्ट्रॉन अवस्थांमध्ये हायड्रोजनचा हिस्सा किती, आणि हायड्रोजन-हायड्रोजन मिळून सलग जाळं बनवतायत का. तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. हायड्रोजन जोडी-जोडीने रेणू बनून बसले तर तो पदार्थ सोडून द्या, जाळं पिंजऱ्यासारखं सगळीकडे विणलेलं पाहिजे, ताणा आणि बाणा दोन्ही असल्याशिवाय चादर होत नाही तसं. २०२१ मध्ये आलेल्या एका कामात या जाळ्यालाच आकडा दिलाय आणि त्यावरून टीसीचा अंदाज ६० केल्विनच्या आतबाहेर बसतो म्हणे. ६० केल्विनची चूक मोठी वाटते, पण दोनशेतून वीस निवडायला पुरते.

मशीन लर्निंगबद्दल विचारतात. वापरतो, रचना शोधताना वेळ वाचतो. पण टीसीसाठी मॉडेल शिकवायचं तर शिकवायला जे आकडे आहेत ते बहुतेक गणितातलेच, आणि त्यात सगळ्यांचे म्यू-स्टार मिसळलेले. आमची फजिती मोठ्या प्रमाणावर होईल, एवढंच.

विषारी, महाग, किरणोत्सर्गी असेल तर गुण कापता का?

कापत नाही, शेरा लिहितो. बेरिलियमची धूळ फुफ्फुसाला वाईट, इरिडियमची किंमत बघून डोळे फिरतात, थोरियम किरणोत्सर्गी. पण हिऱ्यात जो नमुना बसतो तो काही दहा मायक्रॉनचा, टॉवेलच्या धाग्याच्या एका तंतूवरही हरवून जाईल एवढा, तिथे इरिडियमचा भाव काय मधे येणार. थोरियम एच१० तसंही १६१ केल्विन १७५ गिगापास्कलला, ०.९० गुण, आपोआप खाली.

सध्या एकच निवडायचा झाला तर?

लॅन्थनम-बेरिलियम-एच८ च्या घराण्यातलं काहीतरी. दोन धातू मिळून हायड्रोजनचं जाळं आतून दाबून धरतात, बनवता येतं हे सिद्ध झालंय, आणि बेरिलियमच्या जागी काय बसेल याच्या बऱ्याच शक्यता अजून कोणी नीट तपासलेल्या नाहीत. सिरियम एच१० पण मला आवडतो, ११५ केल्विन ९५ गिगापास्कलला, गुण १.१२ च पण सिरियमची हायड्राइडं कमी दाबाला तग धरतात म्हणून प्रयोगवाल्यांना त्यावर मोजमापं करणं सोपं जातं. बाकी पाच जणांचं मत माझ्यासारखं नाही, दोघं अजून मॅग्नेशियम-इरिडियमवर अडून बसलेत.

मला शीटमध्ये भर घालायची आहे, काय करू?

पदार्थ, दाब, रचनेचा स्पेस ग्रुप (सममितीचा प्रकार), लॅम्डा, सरासरी वारंवारता, ग्रिड, आणि आकडा गणिताचा का प्रयोगाचा, एवढं पाठवा. नुसता टीसी पाठवला तर परत येईल. मूलद्रव्यांची नावं आता आम्ही मराठी बाराखडीच्या क्रमाने लिहितो, कोणाचं पहिलं कोणाचं दुसरं हा वाद नको, तेव्हा इरिडियम मॅग्नेशियमच्या आधी येईल, दचकू नका. शनिवारी सहा वाजता या, चहा आमचा, शेंगाचटणी आणि कडक भाकरी ज्याची पाळी त्याची.